न केलेल्या चार चाव्या

चावीवाल्याचा तीस वर्षांचा नेम होता : कुलपाचा मालक समोर उभा राहिल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही. लोक थट्टा करत, "चावी मागतोय, मुलगी नाही." तो म्हणे, "मुलगी परत येते माहेरी. चावी येत नाही."

कराचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी भाची ते भरायला दुकानात आली. फोनवरून जमा झालेल्या रकमांची वर्षाची यादी पेमेंट ॲपच्या कंपनीने पाठवली होती, आणि तीच कर कार्यालयातही गेली होती.

"मामा, ह्या चार रकमा तुझ्या वहीत नाहीत. एकाच माणसाच्या. नावाच्या जागी नुसता ठिपका."

"मी केल्याच नाहीत ह्या चाव्या."

"पैसे तर घेतलेस. लपवलेस तर नोटीस येईल. विक्री म्हणून दाखवलंस, तर चाव्या केल्यास असं सही करून सांगितल्यासारखं होईल."

"न पाहिलेल्या माणसाला चावी? मरेन, पण तशी सही करणार नाही."

"थांब, खाली शेरेही आहेत." ती वाचू लागली. "फाटक. पुढचं दार. जिन्याचं दार." ती हसली. "जिन्याला दार कुणाच्या घरी असतं रे?"

"आमच्या," मामा म्हणाला.

ती हसायची थांबली. चौथा शेरा तिने मनातच वाचला आणि फोन त्याच्यापुढे सरकवला. निजायची खोली.

त्या घरात तो एकटाच राहत होता.

"परत कर," तो म्हणाला. "सगळे. आत्ताच. मग ती विक्री राहत नाही ना?"

"नाही राहत."

तिने एकेक रक्कम परत पाठवली. फाटकाची गेली. पुढच्या दाराची गेली. जिन्याची गेली. चौथी मात्र फिरून आली, खाली दोन ओळी घेऊन. भाचीने त्या हलक्या आवाजात वाचल्या :

"चावी मिळाली.
छान बसते."

रस्त्यावर भर दुपारची वर्दळ होती. मामाने कानस उचलली, तिच्या दातांत अडकलेला पितळेचा भुगा नखाने काढला, आणि ती पुन्हा खाली ठेवली.

"चौथीचं काय लिहू?" भाचीने विचारलं.

"विक्री लिही."

"मामा, तू केलीस ती?"

"बसते म्हणतोय ना गिऱ्हाईक. दे इकडे."

त्याने सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदाच सहीखालची रेघ वाकडी गेली.

मग जरा वेळाने, बाहेर बघत, त्याने विचारलं, "तुमच्याकडे एखादी जास्तीची खाट असेल का गं?"