खुंट्याभोवतीचं गवत

राणीसावरगावच्या शिवारात, शेतातच आमचं घर आहे. घरापुढं पार रस्त्यापर्यंत जे मोकळं पडलंय त्याला आम्ही अंगण म्हणतो. पाहुणे मात्र आल्या आल्या विचारतात, इथं मंगल कार्यालय का काढत नाही? मालक हसून सोडून देतात. मालक म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी केली, पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, पण नवऱ्याला मालक म्हणायची सवय काही गेली नाही. तेही मला बाईसाहेब म्हणत, पण तोंडावर नाही. तोंडावर नुसतं 'अगं'. बाईसाहेब मी फक्त बैलांपाशी होते.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमचे मालक घरात बोलणार ते कामापुरतं. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठतील. पण एकदा बैलांपाशी गेले की तोंडाला खळ नसे. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडं उघडते आणि तिच्यासमोरच, चिंचेच्या अलीकडं, बैलांचे दोन खुंटे. लग्न होऊन आले त्याच वर्षी मला उमगलं, की या माणसाच्या मनातलं ऐकायचं असेल तर आपलं तोंड बंद ठेवून खिडकीशी उभं राहावं.

"दमानं घ्या रे आज. बाईसाहेबाचा पारा चढलाय."

"बाईसाहेबाची बदली व्हायलीय सोनपेठला. रोज येष्टीनं जायचं, येष्टीनं यायचं. कसं व्हायचं तिचं?"

लेक झाली, बाळंतीण होऊन मी माहेरून परत आले, तर मालकांनी पाळण्यावर वाकून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता बाहेर गेले. मी मनातून खट्टू झाले. थोड्या वेळानं खिडकीतून आवाज आला, "लय गोड पोरगी हाय. आईवर गेलीय." तव्यावरची भाकर करपली, पण मी खिडकी सोडली नाही. लोकांचे संसार समोरासमोर बसून होतात, माझा असा आडून झाला, आणि मला त्याची कधी तक्रार नव्हती.

मग मालकांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की जनावराच्या मागं धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. शेत ट्रॅक्टरवर गेलंच होतं. बैल तरी कुणाच्या जिवावर ठेवायचे? चुडाव्याकडच्या एका शेतकऱ्यानं जोडी नेली. चांगला माणूस होता, जाताना बैलांच्या पाया पडला. आमच्याकडं बैल विकला तरी दावं विकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. मालकांनी दोन्ही दावी सोडून घेतली, खुंट्यांवर टाकली आणि घरात येऊन बाजेवर आडवे झाले.

त्या दिवसापासून अंगण मुकं झालं. मी सवयीनं खिडकीशी उभी राहायची. चिमण्या, रस्त्यावरची एखादी मोटरसायकल, बस्स. मालक घरात तसेच होते, कामापुरते. चहा दे. गोळी दे. लाईट आली का. मला आजारी वाटलं तर त्यांना काय वाटतं, लेकीची आठवण येते का, म्हातारपणाची भीती वाटते का, काही कळायला मार्ग उरला नाही. माणूस डोळ्यांसमोर असून मला त्याची आठवण यायची. ही गोष्ट कुणाला सांगायची? लोक हसले असते.

आणि गवत वाढलं. बैल होते तोवर गवत हा विषयच नव्हता. औतकाठीचं काम नसलं की मालक त्यांना लांब दोर लावून खुंट्याला बांधत. दोर पुरेल तिथवर बैल चरत, संध्याकाळी दोन गोल हजामत केल्यागत साफ दिसत, आणि कडाकोपरा मालक विळ्यानं काढत. आता पावसाळ्यात गुडघाभर हराळी माजली. फाटकाशी साप निघाला. कापायला बाया बोलवाव्यात तर त्या सोयाबीनच्या काढणीला, आणि त्यानंतर अर्धं गाव ऊस तोडायला निघून जातं. तणनाशकाचं नाव काढलं तर मालक म्हणाले, "जिथं बैलं चरली तिथं इख टाकू?" शेजाऱ्यांनी आपली जनावरं बांधतो म्हटलं, तर खुंट्यांकडं बघत नुसती मान हलवली. म्हणजे गवतही राहू द्यायचं नाही आणि कुणाला काढूही द्यायचं नाही. मी वैतागले.

लेक पुण्याला असते. तिनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. लहान ट्रॅक्टरसारखी गाडी, वर माणूस बसलाय, पोटाखाली पातं फिरतंय आणि मागं गवत सारखं होत चाललंय. "बाबांना गुडघा वाकवायची गरज नाही. नुसतं बसायचं," ती म्हणाली. खांद्यावर अडकवायचं यंत्र त्यांना झेपलं नसतं, हे बरोबर होतं. तरी मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. मालकांनी मात्र फोन हातात घेतला, व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. "चालतंय बरं," म्हणाले. बैल गेल्यावर कामाशिवाय बोललेला तो पहिला शब्द होता. तिथंच माझा नकार संपला.

परभणीतल्या शेतीच्या अवजारांच्या एका दुकानदारानं लॉनवाल्या कार्यालयांसाठी अशा दोन गाड्या मागवून ठेवल्या होत्या, एक पेट्रोलवरची, एक बॅटरीवरची. आम्ही गेलो. दुकानदार आमच्याहून बराच लहान, अगत्याचा. तो पात्याची रुंदी सांगू लागला, कापायची उंची कमीजास्त करायचा दांडा दाखवू लागला. मालकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आधी गाडीला एक फेरी मारली. मागं उभं राहून चाकं सरळ आहेत का पाहिलं. समोर येऊन खाली वाकून पाहिलं. मग मागच्या बाजूवर सपकन थाप मारली आणि बाजूला सरले. लाथ मारते का बघायचं राहिलं होतं, तेवढंच.

"खोड काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काका, नवीकोरी गाडी आहे. खोड कशी असेल?"

"बिनखोडीचं जनावर नसतंय. सांगून ठेवा, मंजी घरी गेल्यावर भांडण न्हाई."

दुकानदार जवळ आला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "ओलं गवत कापू नका, पात्याला गुंडाळतं. आणि काळ्या रानात पाऊस पडल्यावर आणू नका, रुतते. बॅटरीवाली उन्हात उभी ठेवू नका." मालकांचा चेहरा खुलला. खोड सांगणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसतो.

आधी पेट्रोलची चालू केली. काय तो आवाज! मालक वर बसले आणि दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत चक्कर मारू लागले. त्यांना ती आवडली हे लांबून दिसत होतं. पाठ ताठ झाली होती. दुकानदार माझ्या कानाशी येऊन ओरडला, "ताकदीला ही जास्त!" मी भिंतीपाशी उभी होते, आमची खिडकी खुंट्यापासून जेवढी लांब तेवढ्याच अंदाजानं. मालकांचे ओठ हलत होते. ते काहीतरी बोलत होते! वळताना, थांबवताना, ओठ हलत होते आणि त्या धडधडाटात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग बॅटरीची. पातं फिरतं त्याची घरघर होते, नाही असं नाही, पण माणसाचा आवाज तिच्यावर राहतो. वळणावर मला स्वच्छ ऐकू आलं, "हांऽऽ, हळू."

"हीच घ्यायची," मी म्हणाले.

मालक उतरले. "तुला काय कळतंय गाड्यातलं? ती तगडी हाय."

"पेट्रोल आणायला कोण जाणार रोज? आणि वास मारतो. हिला घरची लाईट पुरते, लाईट नसली तर छतावरचं सोलर आहे."

खरं कारण सांगितलं नाही. कसं सांगणार? एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते दुकानात, परक्या माणसासमोर विचारायचं? मला गवत कापणारी गाडी नको होती हो. मला त्यांचा आवाज परत हवा होता.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात रुमालासकट दुकानदारापुढं धरला. मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. बैलबाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं धरायची, भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नाही. मालकांच्या लेखी गाडी पसंत पडली होती, आता बोटं लागायची होती. दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याला आधार हवाय. त्यानं दोन्ही हातांनी तो हात प्रेमानं धरला आणि म्हणाला, "बोला ना काका. काय म्हणणं आहे?"

"बोलायचं नसतंय त्यात," मालक म्हणाले.

मी तोंड फिरवलं. हसू गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं, का ते मलाही नीट सांगता यायचं नाही. शेवटी दुकानदाराला सगळं समजावलं, तो खूप हसला, बोटं काही त्याला जमली नाहीत, आणि सौदा तोंडानंच झाला. बॅटरीचीच घेतली.

टेम्पोतून गाडी घरी आली. लेकीनं फोनवर बघितली. मी कुंकू लावलं, नारळ फोडला. गवत वाळलं तसे मालक रोज उन्हं कलली की गाडीवर बसू लागले. आणि गप्पच! मी खिडकीशी, ते अंगणात, मधे नुसती घरघर. वाटलं, दुकानात ऐकलं तो भास असेल. गाडी काय शेपूट हलवते? कान टवकारते? तिच्याशी कोण बोलणार? मीच वेडी. हौस म्हणून एक यंत्र दारात आणून ठेवलं आणि जे हरवलं ते हरवलंच.

अंगण तेवढं दिसामाशी साफ होत गेलं. एका संध्याकाळी पायरीवर जाऊन पाहिलं तर सगळं अंगण कापलेलं, मधे चिंचेअलीकडं मात्र दोन गोल उंच गवताचे. दोन खुंट्यांभोवती, बरोबर दोर पुरेल तिथवर. बैल चरायचे तेव्हा नेमकं उलटं दिसायचं. बैलांची जागा मालकांनी कापली नव्हती. मी आत गेले आणि कुकर लावला.

कुकर तापत होता तोवर घरघर थांबली. पातं बंद करून गाडी खुंट्यापाशी आणली असावी. आणि मग, कढईत काहीतरी परतता परतता, मला एक नाव ऐकू आलं. डाव्या बैलाचं.

"त्याच्यावानी न्हाईस तू," मालक गाडीला सांगत होते. "तो लय शाना होता. मी बोलायच्या आधी वळायचा. कुठं असंल आता, काय खात असंल. लय आठवण यायलीय. घरात सांगावं तर ती रडंल."

मी कढई उतरवली. खिडकीशी सरकले.

"तिनंच तुला पसंत केलंय बग. मी त्या तगडीवर बसतो म्हणलो तर न्हाई म्हणली. पेट्रोलचा वास म्हणं!" ते हसले. त्यांचं हसू मी किती दिवसांनी ऐकलं. "वासाचं न्हाई काई. मी वळखतो तिला. लगीन झाल्यापसून खिडकीत उभी राहून आईकायलीय. आताबी उभी हाय. आईकू दे. बोलावं म्हणलं रोज, पण बैलांच्या जागंवर दुसऱ्याशी बोलायला जीवच व्हईना."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी चोरून ऐकते. तो माणूस मला ऐकवत होता.

कुकरला शिट्टीचा दम भरला होता. शिट्टीत एखादा शब्द बुडू नये म्हणून मी गॅस बंद केला आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले, आवाज न करता रडत, ते उतरून पायरीपर्यंत येईस्तोवर.

वरणातली डाळ अर्थातच कच्ची राहिली. मालक मुकाट्यानं जेवले. आणि दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर, खिडकीतून आवाज आला, "काल डाळ कच्ची होती बरं का. बाईसाहेबाला म्हणावं, गॅस बंद करू नगं. शिट्टी झाली तर मी थांबतो तवर."