आप्पांच्या पायात काय होतं

माझं डोकं पटकन फिरतं, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. त्या सकाळी आप्पांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला आणि चौथ्यांदा विचारलं, "चहा झाला का गं?" वडील आहेत, विसरण्याचा आजार आहे, सगळं कळत असून मी खेकसले. आता एक शब्द काढलात तर बघा, म्हटलं आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तर दार सताड उघडं. आप्पा नव्हते.

वरच्या मजल्यावरून दादा-वहिनी धावत आले. दादा एक नंबरचा गप्पिष्ट, कोथिंबीर आणायला गेला तरी तासभर गायब. वहिनी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मला दोघांचाही वैताग यायचा. मी आपली धावत सुटणारी.

धावलेच. दहिसर नदीच्या पुलापर्यंत गेले, मार्केट पालथं घातलं. पांढऱ्या शर्टातले म्हातारे दिसले का, विचारत होते. तसे म्हातारे काय कमी आहेत? सोसायटीच्या सेक्रेटरींना कॅमेऱ्याच्या खोलीची चावी सापडेना, तेव्हा असा आवाज चढवला की लगेच सापडली. आप्पा गेटबाहेर डावीकडे वळताना दिसले. डावीकडे हायवे. त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

घरी आले तर वहिनी दारात चपलांचे जोड लावत बसलेली. मी भडकलेच. आप्पा तिकडे गाड्यांमध्ये, आणि ही इथे चपला लावतेय!

"तुझ्या गुलाबी स्लिपर कुठायत?" तिने शांतपणे विचारलं.

आप्पांच्या चपला जागेवर होत्या. माझ्या फुलं लावलेल्या स्लिपर नव्हत्या.

दादाला तेवढं पुरलं. रिक्षा स्टँडवर गेला आणि कटिंग चहा घेऊन गप्पा ठोकायला लागला. मी बाजूला रडकुंडीला आलेली. पण पांढरा शर्ट कुणालाच आठवत नव्हता, आणि बायकी स्लिपर घातलेल्या म्हाताऱ्याला सगळे हसले होते. एकाने चेकनाक्याकडे बोट दाखवलं. आम्ही तिघं माझ्यासारखेच असतो तर नुसते तीन दिशांना धावत बसलो असतो.

नाक्याजवळच्या बस स्टॉपवर आप्पा बसले होते. मी समोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"बाई, मी जरा वेळ इथे बसतो," ते म्हणाले. "घरी मुलगी चिडलीय."

"आता नाही चिडणार ती," मी कसंबसं म्हणाले.

आप्पांनी पाय आत ओढून घेतले. "तुम्ही ओळखत नाही तिला."