गुण आलेली पुडी

माझ्या मुलीला सातव्या वर्षी सांधेवाताने धरलं. लोकांना पटेचना. "एवढ्याशा पोरीला वात? काहीतरीच!" असं म्हणणाऱ्यांना सकाळी घरी बोलवायला हवं होतं. पोरगी उठताना आधी आखडलेले गुडघे हातांनी चोळून सोडवायची आणि रडायची.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. म्हणाल्या, "रक्तातला सीआरपी बघत राहू. अंगात सूज किती पेटलीय ते त्यावरून कळतं. उतरला तर हेच औषध ठेवू, नाही तर ताबडतोब बदलू. उशीर झाला तर सांधे कायमचे जातात." तेव्हापासून आमच्या घरात देवाच्याही आधी सीआरपीचं नाव निघायचं.

आणि तो उतरला की हो! पुढच्या खेपेला आणखी खाली. पोरगी शेलार गावी आत्याच्या अंगणात चक्क धावली. नवऱ्याने कापडाच्या लूमवर दोन्ही शिफ्टच्या कामगारांना पेढे वाटले. अर्थात, तेच इंजेक्शन चालू राहिलं.

मग तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणाल्या, बाळसं धरलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, "घरी आणखी काही देता?"

"छे, काही नाही!" मी फणकाऱ्याने म्हटलं.

शेजारी बसलेल्या सासूबाई हळूच बोलल्या, "मी देते. पडघ्याकडच्या एका वैदूची पुडी, दुधातनं. औषधाची वाच्यता केली का गुण जातो, म्हणून कुनाला सांगितलं न्हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड घातलेलं असतं. त्याने चेहरा असा गोल होतो, सूज दबते, आकडा उतरतो, पण सांध्याची झीज थांबत नाही. ते एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून त्यांनी मापाची गोळी दिली आणि हळूहळू कमी केली. तसतसा सीआरपी चढत गेला. इंजेक्शन कधी लागूच पडलं नव्हतं. आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा आत सांधा झिजत होता. तिचं उजवं मनगट आता वळत नाही, वळणारही नाही.

सासूबाईंना मी नको नको ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी बी नात हाय ना गं ती." मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

औषध बदललंय. आकडा अजून हललेला नाही. परवा सकाळी पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती, उभं राहता येत नव्हतं. म्हणाली, "आई, आजीची ती पुडी दे ना. एकदाच. शाळेत सगळ्या धावणारेत."

मी तिच्यावर ओरडले, केवढ्याने तरी ओरडले. कारण त्या क्षणी पुडी घरात असती, तर मीच ती दुधात कालवली असती.