भिंतीमागचा खोकला

माझा मुलगा ही हकीकत सांगतो तेव्हा तिची सुरुवात स्कूटरपासून करतो. ती चूक आहे. हकीकत दारापासून सुरू होते, आणि ते दार निळे होते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला दोन महिने घरी बसावे लागले. तेव्हा मुलाने आपला जुना टॅब मला दिला आणि त्यात एक गेम घालून दिला. डोंगरावरचे एक ओस पडलेले गाव. त्यातली घरे, पायऱ्या, पन्हळी आपण एकट्याने दुरुस्त करायच्या. नातेवाइकांत सांगितले जाते की मला त्याचे व्यसन लागले. मी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात काढली. नादुरुस्त वस्तूकडे नीट लक्ष देण्याला आमच्याकडे व्यसन म्हणत नसत.

त्या गावात, उत्तरेच्या गल्लीतील शेवटच्या घरात एक म्हातारी राहते. मागे उरलेली ती एकटीच. ती बोलत नाही. खोकते, आणि रिकामी कळशी पुढे करते. आपण टाक्यावरून पाणी भरून आणायचे. मी आणले. परतलो तेव्हा दार नव्हते. दाराच्या जागी सलग, गिलावा केलेली भिंत होती, आणि तिच्या आतून खोकला ऐकू येत होता.

मी खेळ बनवणाऱ्या कंपनीला ई-मेल पाठवला. नोंद घेतली आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल, असे उत्तर आले. अपडेट आले नाही. मी आणखी चार वेळा लिहिले. मग एका सकाळी गेम उघडताच एक सूचना दिसली : आपल्या प्रेमाबद्दल आभार, आमची मंडळी आता दुसऱ्या कामाला लागली आहेत, या खेळात यापुढे कोणतीही दुरुस्ती होणार नाही. त्यानंतर माझ्या पत्रांना उत्तर देणारे कोणी उरले नाही. खोकला तेवढा उरला.

मुलाने टॅब हातात घेऊन स्वतः पाणी आणून पाहिले.

"दार आहे की, बाबा. हे काय, निळं. तुम्ही बहुतेक शेजारच्या गल्लीत जाता."

"त्या गावाला शेजारची गल्ली नाही."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'चा सूर मी ओळखतो. माझ्या वडिलांच्या अखेरच्या दिवसांत मी त्यांना त्याच सुरात 'बरं' म्हणत असे.

तोवर दोन महिने संपून मी पुन्हा स्कूटर चालवू लागलो होतो. त्याच आठवड्यात मी भाजीबाजारात स्कूटर लावली आणि रिक्षाने घरी आलो. स्कूटर नेली होती हे मला संध्याकाळपर्यंत आठवले नाही. हे खरे आहे. मी ते कधीच नाकारलेले नाही. पण मुलाने दोन गोष्टी एकत्र बांधल्या. दाराजवळच्या खिळ्यावरची स्कूटरची किल्ली त्याच्या कपाटात गेली, आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरली. निफाडहून चुलतभाऊ द्राक्षे घेऊन आला आणि मोठमोठ्याने बोलू लागला.

"दादा, लय इचार नका करू!"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"तेच तर. वहिनी म्हणल्या, जरा जास्तच ऐकू येतंय तुम्हाला."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ते खरे होते. टॅब बंद असताना, बादली भरत असताना, देवापुढे हात जोडले असताना मला तो खोकला ऐकू येऊ लागला होता. मी शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून पाहिला. पलीकडे शांतता होती.

मग मी वही काढली आणि कारखान्यात करीत असू तेच केले : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गावात दोन टाकी आहेत. वरचे जवळ, पण त्यावर शेवाळ दिसते. म्हणून मी नेहमी खालच्या टाक्यावर जात असे. मुलगा घाईचा माणूस. त्याने पाणी वरच्यातून आणले होते. वरच्याचे पाणी सहा वेळा आणले. सहाही वेळा दार जागेवर. खालच्याचे सहा वेळा. सहाही वेळा भिंत.

परंतु एकट्याने पाहिलेला दोष आमच्याकडे ग्राह्य धरत नसत. दुसऱ्याच्या हातून तो पुन्हा घडला, तरच मालाला तांबडी चिठ्ठी लागे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी मुलाला समोर बसवले आणि मेथी निवडत असलेल्या पत्नीच्या हाती टॅब दिला.

"अहो, मला कुठे येतंय हे?"

"म्हणूनच तू हवीस. ज्याला येतं, तो आपली अक्कल मध्ये घालतो."

"बरं झालं. मला अक्कल नाही हे पंचेचाळीस वर्षांनी तरी तोंडातून निघालं."

ती आता सांगते की तिला पहिल्याच खेपेस जमले. पहिल्या खेपेस ती टाक्यात पडली. दुसऱ्या खेपेस खालच्या टाक्यावर कळशी भरून ती गल्लीच्या टोकाशी पोहोचली आणि थांबली. समोर भिंत होती. तिने टॅब कानाशी नेला.

"अहो, आत आहे ती."

मुलाने टॅब घेतला. बराच वेळ पाहिले. "बग आहे हा," तो म्हणाला. आपल्याला आधीपासून संशय होता, असे तो आता सांगतो. त्याला नव्हता.

त्याने किल्ली आणून खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "डॉक्टरांची वेळ रद्द करतो, बाबा."

"करू नकोस," मी म्हणालो.

त्याने समजूत घातली म्हणून मी गेलो, ही त्याची आवृत्ती आहे. वस्तुस्थिती अशी की दाराचा दोष कोठे आहे ते मी शोधून दिले. स्कूटर मी का विसरलो, ते माझ्या वहीतून निघत नव्हते. एका दोषाचा निकाल लागला म्हणून दुसऱ्याची नोंद मिटवता येत नाही.

"मग तिला आता कोण बाहेर काढणार?" पत्नी अजून पडद्याकडेच पाहत होती. ते काम ज्यांचे होते, ते निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी पत्नी आणि मी रिक्षाने गेलो. किल्ली खिळ्यावरच होती. डॉक्टरांच्या खोलीचे दार बंद होते. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. थोड्या वेळाने आतून कोणीतरी खोकले.

मी पत्नीला विचारले, "ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली.

ती तत्काळ म्हणाली, माझ्याकडे न पाहता. चौतीस वर्षांत इतक्या लवकर दिलेली साक्ष मी एकदाही मान्य केली नव्हती. त्या दिवशी केली.