खाऊन आकसणारा तारा

आमच्या पेठेतल्या तालमीला यंदा गणपतीत वैज्ञानिक देखावा करायची लहर आली. गेल्या वर्षी समोरच्या तालमीने ज्वालामुखी फोडला होता. त्याहून मोठं काय फुटतं, हे विचारायला अध्यक्ष माझ्याकडे आले. मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका. तारा फुटतो म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

मी हरखून समजावत बसले. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक विझून गेलेला. पृथ्वीएवढाच, पण जवळजवळ सूर्याइतका जड. तो श्वेत बटू. हा गडी जोडीदाराचा वायू ओढत राहतो. वजन वाढतं तसा तो फुगत नाही, उलट आकसतो. मग एका मर्यादेजवळ पोटातला कार्बन पेटतो आणि क्षणात ताऱ्याच्या चिंध्या होतात. हाच सुपरनोव्हा.

"आकसतो?" अध्यक्ष म्हणाले. मागे उभे असलेले चार पैलवान हसले. रोज दूध-बदाम-तूप रिचवणारी माणसं ती. "खाल्ल्यावर अंग भरतंय की, बाई! लोकं काय म्हणतील?"

मी थोडी हुज्जत घातली. तेवढ्यात त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. 'शास्त्रीय मार्गदर्शक' आणि पुढे माझं नाव, थेट अध्यक्षांच्या नावाएवढ्या अक्षरांत. आयुष्यभर शिकवून माझं नाव एवढं मोठं कुणी काढलं नव्हतं. "चालेल," मी म्हटलं, "देखाव्यात थोडं इकडंतिकडं होतंच."

पहिल्या संध्याकाळी पांढरा फुगा लाल गोळ्यातली हवा पीत टम्म फुगला, फुटला, टाळ्या पडल्या. अंगावर शाल घेऊन मी माईकवर वैज्ञानिक दृष्टिकोनाचं महत्त्व सांगितलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

खाली उतरले तर पोरांना कुस्ती शिकवणारे म्हातारे वस्ताद वाट बघत होते.

"बाई, त्यो खरंच फुगतो?"

"नाही. आकसतो."

"मग बोलला का न्हाय?"

"पैलवानांना पटत नव्हतं."

"माझ्या पोरांस्नी कुठला डाव पहिल्या दिवशी पटतोय? पाठीत रट्टा घालून शिकवतो मी. आनि तुमी मास्तरीण असून सोडून दिलं व्हय?"

मला मनापासून लाज वाटली. स्टेजवर दुसरा फुगा भरायला लागला होता. मी परत पायऱ्या चढले आणि माईक मागितला. अध्यक्षांनी तो हसत हसत माझ्या हातात दिला. त्यांना वाटलं, त्यांचे आभार मानायचे राहिलेत.