टाळ्या नकोत, ठोका हवा

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती टाळ्यांनी. अजून एक सूरही वाजला नव्हता. त्याने नुसती पिशवीची चेन उघडून गिटार बाहेर काढली होती, आणि अख्खा बार टाळ्या पिटायला लागला. गिटार बाहेर काढल्याबद्दल. उद्या आपण शिंकलो तरी ही मंडळी उभी राहून मानवंदना देतील, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

आणि हा बार कुठला, तर ज्याने अठरा वर्षांत त्याला एक गाणं सुखाने पुरं करू दिलं नव्हतं तो. बार म्हणजे तळमजल्यावरची एक लांबोडकी खोली. नऊ टेबलं, मान डोलावणारा एक पंखा, आणि वर लोक राहतात म्हणून नऊ वाजता शटर खाली. शनिवारी संध्याकाळी सातला टर्नर वाजवायला बसणार आणि बाकीचे ऐकणार. ऐकणार म्हणजे काय, टपून बसणार. वाजवणारा कुठे चुकला की ज्याला चूक कळली त्याने हातातला पेला टेबलावर एकदा दणकन आपटायचा. याला तिथे ठोका म्हणत. ठोका पडला की गाणं पहिल्यापासून, मग ते शेवटच्या ओळीला का टेकलेलं असेना. एकदा एकच गाणं त्याला सहा वेळा सुरू करावं लागलं होतं. त्या संध्याकाळी लोकांनी दुसरं काही ऐकलं नाही आणि कुणाची तक्रारही नव्हती.

ठोक्यात सगळ्यात वस्ताद समोरच्या सलूनचा न्हावी. त्याच्या कानातून केसाएवढी चूक सुटायची नाही. सगळ्यात कच्चे दातांचे डॉक्टर. त्यांना सूर आणि ड्रिल मशीन यांतला फरक कळतो की नाही अशी शंका यावी, पण ठोका द्यायची हौस दांडगी.

मग टर्नरचा हात गेला. चालत्या लेथला हातमोजे घालून हात लावू नका, असं नव्या कामगारांच्या कानीकपाळी तीस वर्षं ओरडलेला हा माणूस; एका गारठलेल्या सकाळी बोटं आखडली म्हणून स्वतःच मोजे चढवून उभा राहिला. मोजा लेथच्या गरगर फिरणाऱ्या चकमध्ये गुंतला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेली, आणि त्या हिसक्याने खांदा असा निखळला की हात छातीच्या वर जाईना. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तारा दाबायच्या त्या त्याच बोटांनी.

आठ महिने तो घरात बसला. घर म्हणजे ताईच्या शिवणाच्या दुकानावरची खोली. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. टर्नर बिनलग्नाचा, गिटारला सवत चालली नसती असं तो म्हणतो, आणि मुलींनाच हा चालला नाही असं ताई म्हणते. तर त्या खोलीत त्याने हात नव्याने शाळेत घातला. कारखान्यातल्या मित्राकडून पितळेची दोन टोपणं करून घेतली आणि थोटकांवर चढवून पाहिली. तारा अशा खरखरल्या की त्याने ती खिडकीतून भिरकावली. मग राहिलेल्या दोन बोटांना दुप्पट पळवलं, जाडी तार वरून अंगठ्याने दाबायची सवय लावली, गिटारचं टोक गुडघ्याकडे झुकवून खांद्याची समजूत काढली. जी जागा अजिबात गाठता येईना तिच्यासाठी दुसरी वाट शोधली. हे सगळं करून तो बारमध्ये परतला, तर समोर या टाळ्या.

पहिल्या शनिवारी त्याने सोडून दिलं. दुसऱ्या शनिवारी दोन ठिकाणी तो खरोखर चुकला, त्याचं त्यालाच कळलं, पण ठोका नाही. तिसऱ्या शनिवारी मुद्दाम चुकला. आणि या चौथ्या शनिवारी त्याने कहर केला. एका गाण्याचं तोंड घेतलं, दुसऱ्याच गाण्याची शेपटी जोडली, मध्ये एक तार अर्धी ढिली करून ठेवली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. तर बारमालक म्हणाला, व्वा. दातांच्या डॉक्टरांनी रुमालाने डोळे पुसले. आणि न्हावी, तो तिखट कानाचा न्हावी, पेल्यात बोट घालून बर्फ फिरवत बसला होता. मान वर करेना.

टर्नरच्या लक्षात आलं, इथे काहीतरी शिजलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करायला सलूनमध्ये गेला. वस्तरा न्हाव्याच्या हातात, गळा टर्नरचा, आणि उलटतपासणी टर्नरच घेतोय असा तो मामला होता. कानात बोळे घातलेस का, इथपासून सुरुवात झाली. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "माझ्यावर चिडू नकोस. तू परत यायच्या आधी तुझी ताई दारोदार फिरली. मालकाकडे, डॉक्टरांकडे, माझ्याकडे. ठोका द्यायचा नाही असा शब्द घेतलाय तिने. चार शनिवार माझ्या मनगटाला मुंग्या येताहेत, तुला काय सांगू."

टर्नर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडून ताईच्या दुकानाकडे निघाला.

ताई पँटची खालची पट्टी उसवत होती. तिच्या हाताखालच्या बाईने घातलेली टीप सूतभर तिरकी गेली होती, म्हणून ताई सगळी उसवून काढत होती. टर्नरने तिथे उभं राहून जे तोंड सोडलं त्यातलं निम्मं इथे लिहिण्याजोगं नाही. आपल्याला न विचारता आपल्यासाठी भीक मागायला ती कशाला गेली, हा त्यातला सभ्य भाग.

ताईनेही कमी केलं नाही. आठ महिने डोक्यावर एकच ओळ ऐकून तिच्या कानांची चाळण झाली होती. एका दुपारी वर गिटार पलंगावर आपटल्याचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. ती मशीन थांबवून, पाय पायडलवर तसाच ठेवून वर कान लावून बसली होती. तो आवाज परत ऐकायची तिची तयारी नव्हती.

"लोकांनी तुला सांभाळून घेतलं तर कुठे बिघडलं?"

टर्नरने तिच्या हातातल्या पँटकडे बोट दाखवलं. डाव्या हाताची जी दोन बोटं उरली होती त्यांतलंच एक. "ही टीप का उसवतेस? त्या बाईला म्हण ना, व्वा, छान जमलंय."

"ती शिवणकाम करते. पुढेही करणार आहे."

"आणि मी? तू माझं कौतुक नाही केलंस ताई, तू मला बाद केलंस. येता शनिवार शेवटचा. ठोका पडला नाही तर गिटार विकून टाकतो."

आठवडाभर घरात भांड्यांचा आणि वरच्या गिटारचाच काय तो आवाज.

शनिवारी सातला बारमध्ये टाळ्या झाल्या. त्या थांबतात न थांबतात तोच दार ढकलून ताई आत आली. अठरा वर्षांत तिने त्या दाराची कडी पाहिली नव्हती. मालकाची तारांबळ उडाली, डॉक्टर उठून उभे राहिले, न्हाव्याने पेला टेबलाखाली दडवला. ताईने पहिल्या टेबलापाशी खुर्ची ओढली, लिंबू सरबत मागवलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. आता तर ठोका द्यायची कुणाची बिशाद नव्हती. टर्नरने तिच्याकडे असं पाहिलं की सरबत नासावं.

त्याने मुद्दाम चुकायचं नाही असं ठरवलं होतं. सगळ्यात अवघड गाणं घेतलं. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत जिथे हाताला उडी मारायला लागते तिथे मधलं बोट घसरलं, सूर पडला, आणि टर्नरने ती जागा गुपचूप गुंडाळून पुढे रेटली.

दणकन आवाज झाला. सरबत टेबलभर सांडलं. ताईचा पेला.

टर्नरचे कान लाल झाले. एवढे दिवस ज्यासाठी भांडला ते समोर आलं, आणि गडी पहिलं काय म्हणाला?

"चुकलं नाहीये. मी मुद्दाम तसं घेतलं. तिथे बोट लागतं, ते आता नाही."

"बोट नाही ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "काल संध्याकाळी हीच जागा बरोबर वाजली होती. तीनदा."

मग मुकाट्याने, म्हणजे त्याच्या हिशेबाने मुकाट्याने, चांगला खाकरत आणि पुटपुटत, टर्नरने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. न्हाव्याने टेबलाखालचा पेला वर काढला.

पुढच्या दीड तासात न्हाव्याने पाच ठोके दिले, पाचही रास्त. एक डॉक्टरांनी दिला, तो साफ चुकीचा होता. त्यावरून जी जुंपली ती नऊला शटर पडल्यावरही मिटली नाही. घरी जाताना ताई पुढे, टर्नर मागे, आणि सबंध रस्ताभर तो तावातावाने सांगत होता की ज्याला सुराची अक्कल नाही त्या माणसाच्या हातात पेला देतातच कशाला.