रेकॉर्डच्या शेवटी

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अण्णांच्या घरी रेकॉर्ड कोरायचं जुनं यंत्र होतं. माइकसमोर बोललं, की त्याची सुई फिरत्या कोऱ्या तबकडीवर आवाज कोरायची. कोरताना निघणारा केसासारखा धागा ब्रशने बाजूला सारायचं काम बायकोकडे. त्या वेळी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी सक्त ताकीद. पण तबकडी भरत आली की तिला राहवायचं नाही. "झालं का?" ती विचारायची आणि तेही कोरलं जायचं. अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे. घरातली एकही रेकॉर्ड त्यातून सुटली नव्हती.

पुढे यंत्राचा ॲम्प्लिफायर जळाला आणि ते माळ्यावर धूळ खात पडलं. यंदा अण्णांनी त्याला तळहाताएवढा नवा ॲम्प्लिफायर जोडला, मोबाइलची वायर खुपसली आणि नातीचं गाणं तबकडीवर उतरवलं. आवाज थेट वायरीतून जात होता, त्यामुळे बायको ब्रश फिरवत खुशाल बडबडत होती. रेकॉर्ड लावली. गाणं कसं स्वच्छ! शेवटी मात्र नुसती खरखर. अण्णांना चैन पडेना.

त्यांनी जुना माइक शोधून जोडला आणि बायकोच्या हातात ब्रश दिला. माइक दिसताच तिने ओठ घट्ट मिटले. अण्णांनी घोगऱ्या आवाजात तेच गाणं म्हटलं. गाणं संपलं. तबकडी भरत आली, तरी ती गप्पच. इतक्या वर्षांची बोलणी अखेर फळाला आली होती.

त्या रेकॉर्डच्या शेवटी अण्णांचाच चढलेला आवाज आहे, "अगं, विचार ना एकदा!"